राख फासलेला नळ

लोणावळे,
१ ऑगस्ट १९३६

ती. रजनीताईस,

सुरुवातीला तुझी नि भाऊजींची खुशाली विचारायची असते. ती विचारली असं समज. मला फार राग आलाय आणि तो निवायच्या आत कागदावर उतरवायचा आहे.

शेजारच्या नानांच्या स्वयंपाकघरात नळ गळतोय. नाना म्हणजे गंगाधरपंत, निवृत्त हेडमास्तर. तू तळेगावला सासरी गेलीस त्यानंतर ते इथे राहायला आले, म्हणून पुन्हा सांगतो. घरात नाना, काकू आणि नीरजा. नीरजेबद्दल गेल्या चार पत्रांत लिहिलंय, म्हणून या पत्रात लिहीत नाही. एवढंच लिहितो, की परवा ती सिगडीवर लुगडी वाळवत होती. धुराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि इकडे माझ्या खिडकीत धूर नसताना माझ्याही.

तर नळ. भिंतीतून पाइप येतो, कोपऱ्यात वळतो, त्या वळणाखाली रोज सकाळी थारोळं. काकू पोतेरं टाकून टाकून दमल्या. नानांनी औंढ्याच्या हौशीराम नळवाल्याला निरोप धाडला. निरोप गेला सोमवारी आणि स्वारी उगवली शुक्रवारी! बरं, येऊन केलं काय? पाइपाकडे बघितलं. बोटाने पुसलं. पुन्हा बघितलं. मग काकूंना म्हणाला, "मावशी, चुलीतली राख द्या मूठभर. चाळून द्या." आणि ती राख त्याने पाइपाला फासली, ताई! जोडाला, वळणाला, वर, खाली, बैराग्याने अंगाला फासावी तशी. आणि म्हणाला, "आता कुनी हात लावू नगा. उद्या सकाळच्याला येऊन बघतो."

मी दारातच उभा होतो. (काकूंची चाळणी परत द्यायला गेलो होतो. चाळणी कालच आणली होती, तेव्हा कारण खरं होतं.) मला राहवेना. मी म्हणालो, "अहो, नळ गळतोय, नळाला बाहेरची बाधा नाही झालेली. अंगाराच लावायचा होता तर देवऋषी बोलावला असता."

तो वळला. "तुमी कोन?"

"मी इंटर सायन्स."

"मंजी पास?"

आत नीरजा हसली. ताई, ती हसली! पदराआड वगैरे नाही, चांगली खळखळून. मग माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. त्याच्या देखत मी ती राख पंचाने पुसून काढली, नि पुण्यामुंबईच्या लोकांना फसवायचे धंदे इथे चालायचे नाहीत, असं बरंच काही मोठ्याने बोललो. त्याने पिशवी उचलली. काकूंना म्हणाला, "येतो मावशी." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नाना वाचनालयातून आल्यावर मी त्यांना सांगून टाकलं, की नळवाला नको, हे काम मी करतो. पाण्याच्या दाबाचा अख्खा धडा मी शिकलोय. नाना म्हणाले, "बघा बुवा." म्हणजे होकारच.

भाऊजींच्या सायकलच्या पेटीतला मोठा पाना पहिल्या पार्सलने पाठव.

तुझा,
श्रीपाद


तळेगाव,
५ ऑगस्ट १९३६

चि. श्रीपादास आशीर्वाद.

यांना पान्याचं विचारलं. म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, नळाला घंटी असेल तर तेवढी त्या पान्याने दुरुस्त होईल." तेव्हा पाना येत नाही.

हौशीरामाला मी ओळखते. यांच्या शाळेवरची पाण्याची टाकी त्यानेच बसवली. दोन पावसाळे झाले, खाली कधी ओल नाही. अंगाऱ्याधुपाऱ्यातला माणूस तो नव्हे. राख कशाला लावली हे त्याला विचारलंस का? नसणारच. प्रोफेसरांनासुद्धा न विचारताच तू वर्गातून उठून आलास आणि वर्षभर घरी बसलायस.

आता ऐक. हे तुला सांगणार नव्हते. गेल्या महिन्यात मी मुद्दाम लोणावळ्याला आले होते ती तुझी खोली झाडायला नव्हे. मी नानांकडे तुझा शब्द टाकला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मुलगा हुशार आहे, मनाचा चांगला आहे. पण रजनीबाई, तो सगळं अर्ध्यावर टाकतो. पोरगी काही इंटर सायन्स नव्हे." नीरजेला पुण्याच्या एका वकिलाच्या मुलाचं सांगून आलंय. यंदा भाद्रपद अधिक आहे. अधिकात कुणी मुली बघत नाहीत, म्हणून ती मंडळी निज भाद्रपद लागल्यावर येणार. नाना म्हणाले, "तोवर तुमचा भाऊ कशाला तरी चिकटलेला दिसला, तर मी पुण्याला नाही कळवीन. न दिसला तर तुम्ही मला पुन्हा विचारू नका."

म्हणजे तुझ्या हातात सव्वा महिना आहे. तो नळात घालवू नकोस. हौशीरामाकडे जा, चार शब्द गोड बोल, त्याला घेऊन ये. आणि तू कुठेतरी नोकरी बघ.

तुझी,
रजनीताई

ता. क. चाळणी वारंवार आणू नकोस. काकूंनी मला विचारलं, तुमच्या भावाकडे एवढं काय चाळायला असतं?


लोणावळे,
११ ऑगस्ट १९३६

ती. ताई,

फत्ते!

तुझं पत्र तीनदा वाचलं. "तो सगळं अर्ध्यावर टाकतो" हे चार वेळा वाचलं. मग ठरवलं, की नानांना काही पुरं केलेलं दाखवायचं तर त्यांच्याच स्वयंपाकघरात दाखवावं. नोकरी काय, ती कुणाच्या डोळ्यांसमोर करता येते?

पाना रेल्वेच्या शेडमधल्या भिमाजीकडून मिळाला. हातभर लांब, आणि वजनाला आपल्या पाट्यावरवंट्याएवढा. ताग नि जोडाला थापायचा पांढरा सफेदा बाजारातून आणला. नळाच्या आत चामड्याची चकती असते, तिला वायसर म्हणतात. आतला वायसर तसा धडच दिसला. पण उघडलंच आहे तर नवा घालावा, म्हणून माझ्या नव्या वहाणेची टाच कापून एक सुंदर वायसर केला. एक पाय सध्या जरा बुटका पडतो, चालायचंच.

नळाला पाणी सकाळी सहा ते आठ. मी शहाणपणाने दुपारी काम काढलं, पाइप ठणठणीत कोरडा. कोपऱ्याचा जोड सुटता सुटेना. मग मी पाना लावून त्यावर उभाच राहिलो. सुटला! आटे थोडे झिजले, पण जुन्या लोखंडाचं तसंच. मग आट्यांवर ताग गुंडाळून जोड पुन्हा आवळला. हा ताग मात्र वाईट निघाला. आवळावं तसतसा उलगडून बाहेर यायचा. शेवटी वरून सफेदा थापला, सुबक दिसतो.

काकू म्हणाल्या, "पांढरा शुभ्र झाला हो!" नाना येऊन चष्मा लावून बघून गेले आणि म्हणाले, "छान." ताई, हेडमास्तर माणसाचं "छान"! चार तास झाले, एक थेंब नाही. नीरजा तेवढी म्हणाली, "पाणी आल्यावर बघू." काम चालू असताना ती दोनदा "अहो, पण" असं म्हणून थांबली होती. मी म्हणालो, "बोला की." तर म्हणाली, "काही नाही. चहा टाकू?" यावरून काय समजायचं ते तू बाईमाणूस म्हणून कळव.

उद्या सकाळी सहाला मी स्वतः जाऊन नळ सोडणार आहे. हे पत्र आत्ताच टाकतो, म्हणजे आनंद ताजा पोचेल.

तुझा,
श्रीपाद


तळेगाव,
१५ ऑगस्ट १९३६
(कार्ड)

चि. श्रीपाद,

आनंद पोचला. पुढचं काय? बाराव्या तारखेची सकाळ होऊन तीन दिवस झाले. तू एरवी शिंक आली तरी कळवतोस.

रजनीताई


लोणावळे,
२० ऑगस्ट १९३६

ती. ताईस,

इथे पाऊस आहे. धुकं घरात येऊन बसतं. मीठ पातळ झालंय आणि काड्या पेटत नाहीत.

नळाचं म्हणशील तर बाराव्या तारखेला जरा पाणी झालं. पहाटे माझा डोळा लागला, मी पोचायच्या आत पाणी आलं, आणि जोड निसटला. जरा म्हणजे घरभर. कणगीत वर्षाचा आंबेमोहोर होता, त्याला खालून पाणी लागलं. नानांची दोन कपाटं वाचली. देवही वाचले, ते उंचावर असतात. बाहेर रस्त्यावर दगडाखाली पाणी बंद करायची चावी असते, हे त्या दिवशी कळलं. मला नव्हे, काकूंना ठाऊक होतं.

दोष कुणाचा हे उघड आहे. हौशीरामाने त्या दिवशी राख लावताना जोडावर ठोकाठोकी केली होती, तेव्हाच तो आतून हलला असणार. मी नानांना तसं सांगितलं. त्यांना पटलं. ते फार रागावले, पण माझ्यावर नाही. तेव्हा आपली गोष्ट अजून बिघडलेली नाही. सध्या पाणी शेजारून भरतात.

जास्त लिहीत नाही. हवा कुंद आहे.

श्रीपाद


औंढे,
२६ आगष्ट

तळेगावच्या मास्तरीणबाईस्नी हौशीरामाचा रामराम.

बाई, शाळंचे गुरुजी लिवत्यात, मी बोलतूय. बोलंन तसंच लिवा म्हनलंय, सुधारू नगा म्हनलंय.

तुमच्या मालकांच्या शाळंची टाकी मी बसिवली, तवा तुमी मला पोटभर जेवू घातलं. ती वळख धरून लिवतो. तुमच्या भावानं गंगाधरपंतांच्या घरात नळ खोलला नि पानी पानी केलं. करू दे. नवं मानूस चुकतंच. मी शिकताना एका सायबाचा दिवानखाना बुडिवलाय. पर बाई, त्यांनी पंतांना सांगितलं का हौशीरामानं ठोकून जोड ढिला केला. मी हातोडी पिशवीतून काढलीबी न्हाई. राख लावली, बास. मावशी साक्षीला हाईत, पर त्या बिचाऱ्या गड्यामानसांत कुटं बोलनार.

पंत रोज सांजच्याला वसरीवर चार मानसांत बसत्यात. तितं ते बोलले. आता दसऱ्याला बंगलेवाले मुंबैस्नं यायच्या आदी नळ बघून ठिवायची कामं असत्यात. वळवणाचे तीन बंगले आन् टेकडीवरचा एक. चारी ठिकानचे माळी येऊन सांगून गेले, औंदा येऊ नगा म्हनून. मला भाताचं खाचर हाय, मी उपाशी मरत न्हाई. पर ईस वरसं मी ह्या गावचं पानी राखतूय. मानसं रस्त्यात मला बघून दुसरीकडं बघाया लागली, ते लय लागतं.

मी पंतांकडं जानार न्हाई. पोराचा शबूद नि माझा शबूद आसं मला करायचं न्हाई. तुमी त्याच्या थोरल्या, म्हनून तुमास्नी सांगितलं.

हौशीराम


तळेगाव,
२९ ऑगस्ट १९३६

श्रीपाद,

सोबत हौशीरामाचं पत्र आहे. ते वाचून झालं की माझं वाच.

वाचलंस?

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तू भांडायचास, पाट्या फोडायचास, एकदा मास्तरांची छत्री विहिरीत टाकलीस. पण संध्याकाळी येऊन "मी टाकली" म्हणून सांगायचास. त्या एका गोष्टीवर मी नानांसमोर तुझा शब्द टाकला होता. आता माझ्याकडे टाकायला शब्द नाही.

नानांना सांगितलंस तर नीरजा जाईल, हे मलाही कळतं. हे म्हणाले, "जरा दमाने घे, त्याचं त्याला उमजेल." मी दमाने घेणार नाही. औंढ्याला जा. मग नानांकडे जा. माझ्या पत्राचं उत्तर त्यानंतर लिही, आधी नको.

रजनी


लोणावळे,
१२ सप्टेंबर १९३६

ती. ताईस,

आता लिहायची परवानगी आहे असं समजतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी निघालो. औंढ्याच्या वाटेवर चिखल पोटरीपर्यंत, आणि माझी एक वहाण बुटकी. ती तिथेच रुतली, मी शोधलीही नाही. हौशीराम खाचरात बेणत होता, डोक्यावर इरलं. मी बांधावर उभा राहिलो. त्याने वर बघितलं नि पुन्हा तण उपटायला लागला. मी पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. म्हणालो, "मी खोटं बोललो."

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "मला कशाला सांगताय?"

"माफी मागायला आलोय."

"हितं? बेडकांपुढं? जितं बोलला तितं जाऊन बोला की."

मी तसाच उभा. पाऊस लागला. शेवटी तोच बांधावर येऊन बसला, चंची काढली. मी विचारलं, "राख कशाला लावली होती?" ताई, हे मी एक महिना आधी विचारायचं होतं.

तो म्हणाला, "आता कसं! बगा. धरनाचं पानी गार. पावसुळ्यात हवा वली, आन् आतून गार पानी आलं का पाइपाला घाम सुटतो. गळती न्हवं, घाम. दोन्हीनं भुई वलीच हुती. मग वळकायचं कसं? राख लावून रातभर ठिवायची. सकाळी पानी येऊन गेलं का बगायचं. राखंत बारीक वाट कापली असंल तर जोड गळतोय. सगळीकडनं सारखीच भिजली तर घाम. घामाला पाना लागत न्हाई, गोनपाट गुंडाळायचं का झालं."

"मग नानांचा नळ?"

"घाम! बोट लावलं तवाच वळखलं. पर वळखून बोलायचं न्हाई, राखंला बोलू द्यायचं. तुमी तिला पुसून टाकलं."

म्हणजे ताई, नळ गळतच नव्हता. घरात धड असलेला एकमेव जोड मी शोधून, खोलून, मोडून ठेवला. कॉलेजात दाबाचा धडा पहिल्या टर्मला होता, उष्णतेचा आणि दवाचा दुसऱ्या टर्मला. मी पहिल्या टर्मलाच उठून आलो होतो.

संध्याकाळी नानांच्या ओसरीवर गेलो. ते होते, आणि वर्तमानपत्राला येणारे तिघं पेन्शनर. मी उभ्यानेच सांगितलं. हौशीरामाने जोडाला हात लावला नव्हता, मोडला मी, खोटं बोललो मी, आणि मुळात नळ गळत नव्हता. एक पेन्शनर म्हणाले, "मग तांदूळ कशाने भिजले?" मी म्हणालो, "माझ्या हुशारीने." कुणी हसलं नाही. नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, नि "बरं" म्हणाले. तेवढंच. आतल्या दाराशी कुणाची तरी सावली होती, ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चारही बंगल्यांवर गेलो. माळ्यांना तेच सांगितलं. टेकडीवरचा माळी म्हणाला, "मग हौशीरामभाऊला काय तोंड दाखवू आता?" मी म्हणालो, "माझ्याबरोबर चला, मला सवय झालीय."

नानांचा नळ हौशीरामच नीट करणार होता, पण त्याची एक अट होती: "तुमी माझ्या हाताखाली. शेवटचा आटा बसंस्तवर. मधीच उठून गेलात तर मी बी उठंन." पाइपाचा अडीच हात तुकडा मी नासवला होता, तो काढून नवा घालायचा, भिंत फोडायची, बुजवायची. नऊ दिवस लागले. पिशवी मी उचलतो. भिंत मी फोडली. आटे मी पाडले, चार वेळा चुकीचे. हात सोलून निघालेत, म्हणून अक्षर असं. ताग वाईट नव्हता ग. तो आट्यांच्या अंगाने गुंडाळायचा असतो, म्हणजे आवळताना बसत जातो. मी उलटा गुंडाळला होता. हौशीराम म्हणाला, "लुगडं जसं नेसत्यात तसंच सोडता व्हय?" मग स्वतःच ओशाळला, काकू ऐकत होत्या.

रस्त्यावरचे लोक म्हणतात, कॉलेजात गेलेला पोरगा नळवाल्याची पिशवी वाहतोय. मी पहिल्या दिवशी एकाच्या अंगावर धावून गेलो. हौशीराम म्हणाला, "पिशवी खाली ठिवून भांडा, आत सफेदा हाय." मग भांडायची गंमतच गेली.

नाना रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. बोलत नाहीत. नुसतं बघतात. काकू बोलतात, पण तांदळाच्या बाजूला बघून. नीरजा दोघांसाठी चहा उंबऱ्यावर ठेवते आणि जाते. तिने माझ्याकडे नऊ दिवसांत एकदाही बघितलं नाही. आज काम संपलं. सकाळी सहाला पाणी आलं. जोड कोरडा. हौशीरामाने राख मागितली, मी चाळून आणली, मीच लावली.

ताई, हे स्थळ गेलं, मला ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात अधिक संपतो, पुण्याची मंडळी येतील. त्या दिवशी मी वळवणात असेन. बंगल्यांची कामं हौशीरामाला परत मिळाली आहेत आणि एका टाकीचा तळ अजून उघडायचाय. मध्येच उठणार नाही.

तुला खोटं लिहिलं त्याबद्दल काय लिहू? मी टाकली छत्री.

तुझा,
श्रीपाद


लोणावळे,
१४ सप्टेंबर १९३६

ती. सौ. रजनीताई यांस नीरजेचा नमस्कार.

आपल्याला मी आजवर पत्र लिहिलं नाही आणि आज लिहितेय तेही नानांच्या पत्राच्या एक दिवस आधी. त्यांचं रीतसर पत्र उद्या निघेल. ते मसुदा करतायत, हेडमास्तरांचा मसुदा लवकर संपत नाही. मला धीर नाही.

आपले बंधू परवा नळाचं काम संपवून गेले, तेव्हा मी नानांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, मलाही काही सांगायचंय. पाइपाला घाम येतो हे मला चार पावसाळे ठाऊक आहे. रोज सकाळी फडक्याने मीच पुसते. यंदा मुद्दाम पुसायचं सोडलं. शेजारून चाळणी परत करायला येणारं माणूस दारातूनच जायचं, नळ पाहायला तरी आत येईल, एवढाच विचार केला. मग ते हातभर लांब पाना घेऊन आले. मी दोनदा बोलायला गेले आणि दोनदा वाटलं, आज तरी दुपारभर इथे राहतील. तांदूळ भिजले ते त्यांच्याइतकेच माझ्यामुळे. हौशीरामभाऊंचं नाव खराब होत होतं तेव्हाही मी गप्प राहिले. आपल्या बंधूंनी चार माणसांत उभं राहून सांगितलं, मला ते आत उभं राहूनही जमलं नव्हतं. म्हणून नऊ दिवस मान वर करता आली नाही. त्यांना वाटलं असेल मी रागावले.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे या घरात दोन गुन्हेगार." पुढे म्हणाले, "खरं बोलला म्हणून कुणी मुलगी देत नाही. खरं तर बोलायचंच असतं. पण त्याने पाण्यात हात घालून नऊ दिवस काढले, चार वेळा आटे चुकले, आणि पाचव्यांदा पाडले. मी खुर्चीत बसून वाट बघत होतो, हा कधी उठतो म्हणून. उठला नाही." संध्याकाळी ते स्वतः औंढ्याला गेले, टांगा करून. हौशीरामभाऊंशी काय बोलले ते सांगत नाहीत. आल्यावर मात्र म्हणाले, की मुंबईच्या बंगलेवाल्यांची इंग्रजी पत्रं भाऊ आजवर स्टेशनवरून वाचून घेत, टाक्यांचे नकाशे कुणी समजावत नसे. आता भाऊ आणि आपले बंधू मिळून करायचं म्हणतात. पत्रं आणि नकाशे एकाचे, पाना दुसऱ्याचा. आणि पिशवी वर्षभर आपल्या बंधूंनीच उचलायची, ही भाऊंची अट.

पुण्याला नकार गेला.

आता आईचं. भिजलेले तांदूळ टाकवेनात, म्हणून तिने तिसऱ्या दिवशी कांडून त्यांचं अनारशांचं पीठ करून ठेवलं होतं. काल तिने तेहतीस अनारसे तळले. नाना म्हणाले, "एवढे कुणाला?" ती म्हणाली, "अधिक महिन्यात तेहतीस अनारसे कुणाला देतात हे हेडमास्तरांना ठाऊक नाही?" नाना म्हणाले, "अगं, पण अजून लग्न कुठे झालंय?" ती म्हणाली, "पुढचा अधिक तीन वर्षांनी. तोवर पीठ राहायचं नाही." आणि परातीवर रुमाल टाकून शेजारी घेऊन गेली. आपले बंधू दारात आले, हातांना सफेदा. परात बघून म्हणाले, "काकू, एवढे कशाला?" ती म्हणाली, "तुम्हीच भिजवलेत, तुम्हीच संपवा." मग त्यांना ते उमजलं, आणि ते तिथेच पायरीवर बसले. आई म्हणते, रडले. मी खिडकीतून बघत होते. मला ते हसल्यासारखे दिसले.

एक सांगायचं राहिलं. कालपर्यंत मी घरात त्यांचा उल्लेख नाव घेऊन करायचे. आज सकाळी तोंडून नाव निघालं तर आई म्हणाली, "आता नाव नाही हो घ्यायचं." म्हणून या पत्रात ते कुठेच नाही, हे आपल्या लक्षात आलं असेल.

आपली,
नीरजा